गव्हाच्या कोठीतला पंप

साधं राहायची टूम आमच्या घरात मी काढली, आणि त्या साधेपणातली पहिली चोरीही मीच केली. आधीच कबूल करून टाकते, नाहीतर माझी धाकटी मुलगी हे कधीतरी वाचेल आणि समासात दुरुस्ती करून ठेवेल.

मुलं लहान असतात तेव्हा साधेपणा सोपा असतो. दोन खेळणी कमी आणली की झालं. माझ्या मुली तेव्हा बावीस आणि सतरा वर्षांच्या होत्या. या वयाच्या मुलींना नुसतं सांगून चालत नाही, कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की त्यात भोक शोधलं जातं. धाकटी तर त्यातच तरबेज. घरातला प्रत्येक नियम मतदानानं ठरेल, ही अट तिचीच. म्हणून नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरात दर रविवारी तर्री-पोहे खाता खाता बैठक भरू लागली. टीव्ही गेला. कपड्यांचं एक अख्खं कपाट रिकामं झालं. दिवाळीनंतर तर आम्ही तिघींनी हात वर करून एक मोठा नियम केला. एखादी वस्तू बिघडून कामातून गेली, तर लगेच नवी आणायची नाही, वर्षभर तिच्याशिवाय राहून बघायचं. पुढे मिक्सर गेला तेव्हा आम्ही पाट्यावर चटणी वाटली आणि मी शेजारणींसमोर बरेच दिवस नाकानं कांदे सोलले.

मग मार्चमध्ये थोरलीला बंगलोरची नोकरी लागली. जुलैत रुजू व्हायचं, असं तिनं सांगितलं. मी पेढे वाटले, सगळ्यांना फोन केले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले. ही पोर आता पाहुण्यासारखी येणार आणि जाताना आपण तिला डब्यात चिवडा भरून देणार, एवढंच मला दिसत होतं.

उरला होता एक उन्हाळा. मी शाळेत शिकवते, पण उन्हाळ्यात शाळा सकाळची आणि पुढे सुट्टीच, त्यामुळे दुपारी मीही घरीच. पण नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी बारा ते पाच माणूस कूलरसमोरून हलत नाही. आमच्याकडे कूलर दोन, एक बैठकीच्या खोलीत आणि एक मुलींच्या. म्हणजे दोघी जेवून दार लावून आत गेल्या की थेट चहालाच दिसणार. असे तीन महिने गेले असते तर मी काय त्या दाराकडे बघत बसणार होते?

रविवारी मी ठराव मांडला. यंदा एकच कूलर, बैठकीतला. चौघांनी दुपारी एकाच खोलीत राहायचं. मी चांगलं वीस मिनिटं भाषण दिलं. पाणी किती वाचेल, वीज किती वाचेल, गरजा कमी केल्या की मन कसं हलकं होतं, सगळं सांगितलं. सगळ्यात जोरात विरोध थोरलीनं केला. तिच्या मते हा साधेपणा नव्हता, कोंडवाडा होता. धाकटीनं तिच्या बाजूनं हात वर केला. माझा नवरा अशा वेळी मूग गिळून बसतो, तसा बसला आणि तर्री तिखट झाली म्हणाला. दोन विरुद्ध एक. मी हरले.

शाळेत पस्तीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई मी. घरात हरले, याचा मला भयंकर राग आला. पुढच्या आठवड्यात कूलर बाहेर काढायची वेळ आली. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाक्या घासायच्या, हे काम मी यंदा मोठ्या उत्साहानं एकटीनं अंगावर घेतलं. कोणालाही संशय आला नाही, उलट सगळे खूश झाले. मुलींच्या कूलरमधला, ताट्यांवर पाणी सोडणारा पंप मी काढला, पिशवीत गुंडाळला आणि गव्हाच्या कोठीत तळाशी ठेवला. वर्षाचा गहू आला तेव्हा कडुनिंबाचा पाला घालून तोही मीच वरून भरला. मुलींना सांगितलं की पंप जळला होता, भंगारवाल्याला देऊन टाकला. आणि मग हळूच दिवाळीनंतरच्या नियमाची आठवण करून दिली. धाकटी दोन दिवस त्या नियमात भोक शोधत होती. सापडलं नाही, कारण तो तिनंच लिहिला होता.

ते दोन महिने माझे फार सुखात गेले. दुपारी चौघांच्या गाद्या एका ओळीत. हवेच्या झोतासमोर कोणी झोपायचं यावर रोज भांडण, पत्त्यांत रोज लबाडी, कैरीचं पन्हं कोणी करायचं यावर रोज चिठ्ठ्या. नवरा जेवायला घरी येई आणि तासभर आडवा होई, तेवढ्यात दोघी त्याच्या पोटावर उशी ठेवून डाव मांडत. थोरली रोज कुरकुर करायची. मी घोरते, बाबा पेपर फडफडवतात, खोली गेली ती गेली, आता झोपही गेली. मी गालातल्या गालात हसायचे. चोरीचा माल छान पचत होता.

मेच्या मध्यावर एका रविवारी, जेवणं झाल्या झाल्या, बैठकीतला पंप गेला. खरोखरचा गेला. ताट्या वाळल्या आणि कूलर भट्टीसारखी हवा फेकू लागला. धाकटी उठून बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली की नियमाप्रमाणे आता वर्षभर याच्याशिवाय राहायचं आहे. माझ्याकडे बघून म्हणाली.

तेवढ्यात नवरा उठला. त्यानं डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि गाडीची किल्ली घेतली. सीताबर्डीत एक दुकान रविवारीही उघडं असतं, तिथून पंप आणतो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत इतवारीतून येताना त्याला ऊन लागलं होतं, दोन दिवस सलाईनवर होता. मी संध्याकाळपर्यंत थांबा म्हटलं. तो म्हणाला, "पोरींचे चेहरे पाह्य वं. जाऊन येतो मी." एकाही बैठकीत कधी हात वर न केलेला माणूस, आणि आता माझ्या थापेपायी त्या उन्हात निघाला होता. तो दारात चपला घालत होता, तेव्हा मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि कोठीत खांद्यापर्यंत हात घातला.

मी पंप घेऊन बाहेर आले. हाताला गव्हाचा भुसा, केसांत कडुनिंबाचा पाला.

"काहून लपवला वं आई?" थोरलीनं विचारलं.

शाळेत पोरं पकडली गेली की पायांकडे बघतात, तशी मी बघत होते. "तू जुलैत जाऊन राहिली," मी म्हटलं. "दार लावून बसली असती, तर मले दिसली असती का तू?"

धाकटीनं लगेच निकाल दिला. मतदान झालेलं आहे, पंप आत्ताच्या आत्ता त्यांच्या खोलीत लागला पाहिजे. तिचं बरोबर होतं. मी पंप पुढे केला. तिनं तो घेतला आणि दाराकडे वळली, तशी थोरली मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मले मे महिन्यातच बोलावलं होतं, आई. जुलै मीच मागून घेतला."

आधी मला रागच आला. मग रोजची ती कुरकुर कशासाठी, ठरावाला एवढा विरोध कशासाठी, असं मी विचारलंच.

"तू पाण्याचं अन् विजेचं भाषण देऊन राहिली होती," ती म्हणाली. "पोरी, माह्याजवळ बस, एवढं म्हटलं असतं तर मी पहिला हात वर केला असता."

साधं राहायचं, साधं राहायचं म्हणून मी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तीन शब्दांचं साधं वाक्य मला बोलता आलं नव्हतं. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि रडले. नवरा दारात तसाच उभा होता. धाकटी हातात पंप घेऊन विचारत होती की मग हा आता लावायचा कुठे, आणि त्यासाठी बैठक बोलवायची का.

"इथंच लाव," मी म्हटलं. "माह्याजवळ बसा दोघी."

कोणी कारण विचारलं नाही. थोरली उठली, बादली घेऊन नळाकडे गेली आणि टाकीत पाणी भरू लागली.