लाल रंगाची हापशी

पंचफुला हैदराबादला पर्यावरणीय आरोग्य शिकायला निघाली, तेव्हा तिच्या बापाने, भिवाजीने, एवढंच विचारलं, "मंजे डाक्टर होशीन का?"

"नाई बाबा. मानसायले डाक्टरकडं जाऊच नाई लागलं पायजे, ते पाहाचं."

"मंग तुले पगार कोन देईन?"

पंचफुला आणि मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या, तलमडुगुकडच्या एकाच गावच्या, एकाच वर्गातल्या. मी पुढे गावातच शिक्षिका झाले. गावची गोड्या पाण्याची विहीर आमच्या गल्लीत होती. भिवाजीची माणसं बौद्ध. त्यांनी तिथे घागर बुडवायची नाही. आमच्यापैकी कुणी वरून पाणी ओतायचं, त्यांनी खाली घागर धरायची आणि आमची मर्जी होईपर्यंत उन्हात थांबायचं. दहाव्या वर्षी मीही तसं ओतलंय, आणि मला मोठेपणा वाटला होता. आज सांगताना लाज वाटते.

भिवाजी शेतमजूर, पण चिवट. सहा वर्षं अर्ज्या घेऊन दफ्तराचे उंबरठे झिजवले, तेव्हा अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या वस्तीत हापशी बसली. तिच्याभोवतीचा ओटा तो रोज झाडायचा. पंचफुला पहिल्या सुटीत घरी आली ती नवं शिकून. नाल्याचं पाणी बंद, सगळ्यांनी हापशीचंच प्यायचं, असं तिने घरोघर बजावलं. बापाची छाती फुगली.

शिक्षण संपल्यावर तिच्या सोबतचा एकजण प्रदूषण मंडळात लागला, एकीला कारखान्यात कामगारांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. पंचफुलाने आदिलाबादची पाणी तपासायची प्रयोगशाळा मागून घेतली. आपल्या भागाचं पाणी आपण तपासावं, एवढीच तिची हौस. त्र्याण्णव साली आपल्या वस्तीची बाटली तिने स्वतः भरून नेली.

पाण्यात फ्लोराइड निघालं, मर्यादेच्या चौपट. दिसायला नितळ, चवीला बरं, उकळूनही न जाणारं. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं ताठरतात, कंबर वाकते. तिने तीनदा तपासलं. मग आमच्या विहिरीचं तपासलं. त्यात काही दोष नव्हता.

"मीच पाजलं गं सगळ्यायले," ती माझ्याजवळ म्हणाली. भिवाजीची मान तेव्हाच वळेनाशी झाली होती, आणि आम्ही सगळे ते म्हातारपण समजत होतो.

हापशीला तिने स्वतः लाल रंग दिला. पिऊ नये, अशी ती खूण. तोवर आमची गल्लीही नरमली होती. या, भरा म्हणाले. काही घरं आली. भिवाजी आला नाही.

"मी आता कोनाच्या खाली घागर धरत नाई, पंचफुले."

"बाबा, आता कोनी वरतून ओतत नाई."

"तुयं शिक्शन खरं हाय. पन मले नोको सांगू."

सहा वर्षं ती दर रविवारी बसने आदिलाबादहून पाण्याचा कॅन आणायची. तो ते शेजारपाजारच्या लेकरांना वाटून टाकायचा आणि स्वतः हापशीवर जायचा. शेवटी इतका वाकला, की उताणं निजता येईना.

त्याच्या शेवटच्या दिवशी पंचफुला पाण्यासाठी माझ्या दारात आली. मी माझ्या हाताने विहिरीचं पाणी शेंदलं आणि तांब्या घेऊन तिच्याबरोबर गेले. तिने चमचा ओठांशी नेला, तसं त्याने विचारलं, "कोठचं हाय?"

खोटं बोलली असती तर कोण अडवणार होतं? पण पाण्याबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती.

"इहिरीचं, बाबा."

त्याने ओठ मिटले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला रडू आवरेना.

पंचफुला उठली. तांब्या बाहेर नेऊन रिकामा केला. हापशीचा दांडा वरखाली झाल्याचा आवाज मला आत ऐकू आला. मग तिने बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते पाणी त्याला आपल्या हाताने पाजलं.