चक्कर का येते, हे सांगणारे आमचे आतोबा

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आमच्या आतोबांनी एक वेळ मान्य केलं असतं. पण श्रीवर्धनात एखादं माणूस गरगरलं आणि त्याचं कारण आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांनी जन्मात मान्य केलं नसतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सुपारीची वाडी सांभाळायची हा त्यांचा उद्योग, वैद्यकी ही हौस. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि आजारांना नवी नवी नावं मिळू लागली होती, पण आतोबा डगमगले नाहीत. कुणी भिंतीला धरून उभं दिसलं की ते त्याला ओट्यावर बसवत आणि ठणकावून सांगत, "उपाशी राहिलास, उन्हातून आलास, झटकन उठलास, कानात पाणी गेलं, नाहीतर सुपारी लागली. याच्यापलीकडे कारण देवाने केलेलंच नाही!" एकदा शेजाऱ्यांचे नवे जावई जेवणानंतर घामाघूम होऊन आडवे झाले. घरात रडारड सुरू होणार, तोच आतोबांनी त्यांना गूळ चारला, पाणी पाजलं आणि जाहीर केलं, "ओली सुपारी खाल्लीय. घाटावरच्या माणसाला सोसत नाही." जावई उठून बसले. मासळी विकणारी एक कोळीण म्हणाली, "भाऊ, डोकं लय गरगरतंय." आतोबांनी विचारलं, "सकाळपासून नुसत्या चहावर?" ती म्हणाली, "व्हय." लगेच तिच्यापुढे भाकरी आली. ते चुकत नसत असं नाही. रेवसच्या लाँचमध्ये आम्हा सगळ्यांना ते नजर दूर किनाऱ्यावर ठेवायला सांगत होते आणि स्वतः मात्र कठड्यावरून ओकत होते. वर मला म्हणाले, "ही बोट लागलेली नाही हं. पोह्यांतलं तेल खवट होतं."

मग एका वैशाखात, वाडीवरच्या माणसांची जेवणं उरकून उठताना आत्याच कोसळली. आम्ही सगळे आतोबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिचे तळवे चोळत ते जमिनीवर बसून राहिले. डॉक्टर आले, त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. "अंगात रक्तच नाही. या जेवतात तरी काय?"

"मला... ठाऊक नाही," आतोबा म्हणाले.

आत्या डोळे मिटूनच पुटपुटली, "उरलेलं असतं की. मला कुठे एवढी भूक!"

डॉक्टरांनी सुया आणि औषध चालू केलं. ती उठून वावरू लागली त्या दिवशी आतोबा पाटावर बसले, पण भाताला हात लावीनात. "तुझं ताट घे."

"अहो, माणसं जेवायची आहेत. काय म्हणतील?"

"म्हणू देत. बस तू."

ती संकोचून बसली आणि त्यानंतर रोजच बसू लागली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या गालांवर रंग आला.

आतोबा मात्र बदलले. कुणी गरगरतंय म्हणून आलं की हलक्या आवाजात म्हणत, "डॉक्टरांना दाखव रे बाबा. मी काय सांगणार?" शहाणपणाचंच होतं ते. पण ओट्यावरून उतरताना माणसं जराशी थबकत. तो ठणठणीत आवाज कानावर पडला असता तर निम्मं बरं तिथेच वाटलं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, आणि मलाही तसंच वाटत राही.