अण्णांचा कामाचा हात

अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले आणि बायपास करायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक ज्युनिअर डॉक्टर फॉर्म घेऊन आला. अण्णा, म्हणजे माझे वडील, पलंगावर समोरच बसलेले. ह्यानं विचारलं मला, "यांचा कामाचा हात कुठला?"

हॉस्पिटलांच्या दारात मी पत्रकं वाटते : पेशंटशी बोला, नातेवाइकांशी नंतर. तिथल्या तिथे झापायला हवं होतं त्याला. मी काय केलं? "उजवा," म्हणाले. त्यानं लिहून घेतलं, अण्णांचं डावं मनगट दाबून पाहिलं आणि निळ्या पेननं कोपरापर्यंत बाण काढला. हृदयाला जोडायला एक रक्तवाहिनी तिथून, कामाच्या नसलेल्या हातातून, काढणार होते. अण्णांनी हात तसाच पुढे धरला. डॉक्टरांपुढे बोलू नये, हा आमच्याकडचा संस्कार. मला तो रोग वाटतो.

तासाभरानं कॅन्टीनमधून आले, तर अण्णा शेजारच्या पेशंटच्या सदऱ्याला बटण लावत होते. सुई डाव्या हातात.

जेवण आणि सही उजव्या हातानं. शाळेत छड्या मारून लावलेली सवय. पण बसवनगुडीतल्या आमच्या शिंपीकामाच्या दुकानात कात्री कायम डाव्याच हातात. माझे सगळे फ्रॉक त्याच हातानं बेतलेले. आणि मी उजवा सांगून मोकळी!

"अण्णा, बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं? तू शिकलेली. तू सांगितलंस."

डॉक्टरला दुसऱ्या वॉर्डातून ओढून आणला. तो म्हणाला, "बहुतेकांना काही होत नाही. काहींचा अंगठा जरा बधिर राहतो."

"शिंप्याचा राहिला तर?"

"स्वल्प हळू ग," अण्णा पुटपुटले.

मग मात्र तो स्टूल ओढून बसला आणि अण्णांशी बोलला. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झालेली, म्हणून तिथली रक्तवाहिनीही चालणार नव्हती. त्यानं सर्जनना फोन लावला. हाताऐवजी पायातली शीर घ्यायची ठरली.

"चालेल ना, अण्णा?"

"सरी, चालेल. पाय घ्या. मशीनला मोटर बसवलीय."

डॉक्टर हसला, स्पिरिटच्या बोळ्यानं बाण पुसू लागला. मी हसले नाही. फॉर्मवरचं 'उजवा' खोडून 'डावा' लिहीपर्यंत त्याच्या खांद्याशी उभी राहिले.