शोकेस मामांची भुवई

मनातलं लपवणं आमच्या मामांना कधी जमलंच नाही. पोटात काय आहे ते तोंडावर हजर. म्हणून सगळं हर्सूल त्यांना शोकेस मामा म्हणायचं. मुलगी बघायला जाताना त्यांना कुणी सोबत नेत नसे. पोह्यांचा पहिला घास घेतला की त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागायचा आणि मुलीची आई आत जाऊन रडायची.

असा माणूस तीन पत्ती खेळायचा! दुपारी ओसरीवर चिंचोके लावून डाव पडायचा. चांगली पानं आली की मामांच्या भुवया थेट टोपीत शिरायच्या. शेजारचे शेखचाचा लगेच पानं टाकायचे, "मामा के भवाँ चढ गए. पॅक रे बाबा!" बाकीचेही पॅक. मामा चरफडत बसायचे.

एका पावसाळ्यात जुलाबाचं निमित्त झालं. ते थांबले, पण नंतर आधी मामांचे पाय लुळे पडले, मागोमाग हात, शेवटी चेहरा. अंगावरून वारं गेलं, असं गल्लीनं ठरवून टाकलं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हा गुलियन बारे सिंड्रोम. शरीराची स्वतःचीच फौज नसांवर उलटते. हातपाय हळूहळू येतील, चेहरा कितपत येईल ते सांगता येत नाही. मामा अडखळत मला म्हणाले, "एवढ्या रुबाबदार नावाचा आजार हर्सुलात झालाय का कुणाला?"

घरी आल्यावर खाटेवरच डाव सुरू झाला. बोटांत जोर नव्हता, म्हणून मामी त्यांची पानं धरायची. आणि काय सांगू, मामा जिंकायला लागले! राजा येवो की दुर्री, चेहरा पाट्यासारखा. शेखचाचा घामाघूम. "देवानं तोंड बंद केलं तव्हा कुठं नशीब उघडलं," मामा म्हणायचे.

आम्ही पोट धरून हसायचो. मामी हसायची नाही. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "आमटी खारट झाली का अळणी, मी यांच्या तोंडावर बघायचे. आता इचारलं की म्हणतेत, लई झ्याक. असं तं समदेच म्हणतेत. मला यांचं थोबाड परत पायजे, बाबा."

थंडी सरत आली होती. मामीनं पानं उघडून मामांसमोर धरली आणि त्यांची डावी भुवई थरथरली. मग चांगली बोटभर वर चढली.

"पॅक!" शेखचाचा ओरडले. "या अल्लाह, पॅक!"

"अरं थांबा की!" मामा कळवळले. "तीन एक्के हायत!"

मामीनं तिन्ही एक्के खाली टाकले आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. शेखचाचांनी उपरण्यात तोंड खुपसलं.

मामा पुढे काठी टेकत चालू लागले, बरीच वर्षं जगले आणि मनासारखा एकही डाव जिंकले नाहीत. शेखचाचा गेल्यावर मामीच दुपारी पत्ते पिसून त्यांच्यासमोर बसायची. स्वतःच्या पानांकडे तिचं लक्ष नसायचंच.