स्टेनोबाई आणि हलणाऱ्या वस्तू

स्टेनोबाई कुठेही बसण्याआधी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून हलवून बघत. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, की कुणाच्या घरचा चहा. यजमान ओशाळत, बाईंना त्याचं काही वाटत नसे. रविवारी सकाळी महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही सातआठ जण इंग्रजी शिकायला जायचो, तेव्हा आमच्याही खुर्च्या त्या एकेक करून हलवत आणि मगच फळ्याकडे वळत.

आयुष्यभर त्या एका कारखान्यात स्टेनो होत्या; निवृत्त झाल्या तरी नाव तेच राहिलं. मी तेव्हा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात, सुरक्षा विभागात नुकतीच लागले होते. रोज सगळीकडे फिरून जे धोक्याचं दिसेल ते इंग्रजीत लिहून वर पाठवायचं, हे माझं काम. आणि धास्ती होती ती नेमकी इंग्रजीचीच.

माझा पहिला अहवाल मी त्यांना मोबाईलवर दाखवला. बिघडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे मी ‘नॉट प्रॉपर’ लिहिलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“काहून वं, साऱ्या कारखान्याले एकच दुखणं झालं का?”

त्या दिवशी त्यांनी दुसरं काही शिकवलंच नाही. डुगडुगते ती खुर्ची वॉबली. सांधे खिळखिळे झालेली शिडी रिकेटी. कापतात ते हात शेकी. चालताना ज्याचा तोल जातो तो माणूस अनस्टेडी. आणि पार काठावर आलेली, आता पडेल की मग पडेल अशी वस्तू प्रिकेरियस. प्रत्येक शब्द त्या अंगाने करून दाखवत. आम्ही हसायचो, त्या हसत नसत.

“एवढे शब्द कशाले पायजे, बाई?” मागून कुणीतरी विचारलं. “हलते म्हटलं का झालं.”

“हलते तर झाडाचं पानबी,” बाई म्हणाल्या. “पानाले पाहून कोणी मशीन बंद करते का?”

एका रविवारी बाकीचे गेल्यावर मी कपबशा विसळायला थांबले होते. तेव्हा त्यांनी आपणहून सुखदेवची गोष्ट सांगितली. सुखदेव त्यांच्या कारखान्यातला हमाल. एकदा तो त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, “बाई, गोदामातली थप्पी हलून राहिली. साहेबाले लिहून द्या.” साहेब बाहेरचा, मराठी न येणारा, कडक स्वभावाचा. बाईंनी इंग्रजीत टाइप करून दिलं, की थप्पी थोडी हलते आहे. पुढच्या आठवड्यात बघू, असं साहेब म्हणाला. तिसऱ्या दिवशी थप्पी कोसळली. सुखदेव खाली होता.

“थोडी म्हणून तो बोललाच नव्हता वं,” बाई म्हणाल्या. “ते मी जोडलं. साहेबाले राग येऊ नये म्हणून.”

मी नळ बंद केला. त्यांनीच माझ्या हातातून बशी घेतली आणि कोरडी होईपर्यंत, नंतरही, पुसत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कारखान्यात उंचावर काम करायला एक लोखंडी मचाण उभारलं होतं. त्याचा एक पाय जमिनीला नीट टेकत नव्हता आणि खाली माणसं काम करत होती. मी लिहिलं: अनस्टेबल, कोसळू शकतं, काम ताबडतोब थांबवा. सुपरवायझर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “मॅडम, अनस्टेबलच्या आधी स्लाइटली टाका ना. उगाच बोंबाबोंब.”

शब्द मात्र मी बदलला नाही. काम दिवसभर बंद राहिलं, माणसांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, मचाण उतरवलं गेलं. काही पडलं नाही, कुणाला लागलं नाही. त्यामुळे माझं बरोबर होतं की चूक, तेही कधी कळलं नाही. कँटीनमध्ये दोन दिवस माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही.

रविवारी हे बाईंना सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बाईंनी एवढंच विचारलं:

“खाली किती माणसं होती?”

“सहा.”

“नावं काय त्यायची?”

मला दोघांचीच ठाऊक होती.

“विचारून ये,” बाई म्हणाल्या. “मले ऐकायची आहेत.”

आठवडाभरात मी सगळ्यांना गाठलं. ते अजून रागात होते, पण नावं सांगितली त्यांनी. ती कागदावर लिहून पुढच्या रविवारी मी महालात गेले, तर दाराला कुलूप. समोरच्या काकू बाहेर आल्या. गुरुवारी दुपारी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं म्हणाल्या. भाचा येऊन अंत्यसंस्कार करून गेलाही होता. आम्हाला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी पायरीवर बसले. काकूंनी पाणी आणून दिलं. त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली.

“बाईचे नातेवाईक आहेत का वं हे? कळवायचं राहिलं का त्यायले?”

“नाही काकू,” मी म्हणाले. “हे आमच्या कारखान्यातले. कामावर आहेत सगळे.”