राजेश्वरीला जामीन कोण?

आमचे दाजी, म्हणजे मनकर्णाअक्काचे यजमान आप्पासाहेब, यांना आयुष्यात एकच शौक. जामीन राहायचा. कुणाला पान लागतं, कुणाला पत्ते लागतात, दाजींना दुसऱ्याच्या कर्जाच्या कागदावर आपली सही लागायची. आमच्या जामखेडच्या भागात पाण्याची बोंब. त्यात दाजींची सोळा एकर जमीन, बारमाही विहीर आणि सातबाऱ्यावर बोजा नाही. पतसंस्थेला असाच जामीनदार पाहिजे असतो. त्यामुळे गावात कुणाला गिरणी टाकायची असो की टेम्पो घ्यायचा असो, त्याला आधी दाजींच्या ओट्यावर यावं लागायचं.

दाजी कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत, हे मी मेव्हणा असूनही सांगतो. पण हो म्हणायला जो वेळ लावायचे, तो भोगल्याशिवाय कळायचा नाही. माणूस सकाळी येऊन बसायचा. दाजी त्याला पीकपाणी विचारायचे, पोराबाळांचं विचारायचे, कर्ज सोडून सगळं विचारायचे. मग, "बघू की. फुडच्या बाजारी ये," म्हणून वाटेला लावायचे. तोवर अमका आप्पांच्या ओट्यावर बसून गेला ही बातमी वेशीपर्यंत पोचलेली असायची. जामखेडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा मीही बसलोय. बायकोचा सख्खा भाऊ, तरी मला तीन बाजार झुलवलं. अक्का आतून चहा आणून द्यायची आणि माझ्याकडे न बघता परत जायची. मला त्याचा राग अजून येतो. सही मात्र दिली.

त्यांनी कुणाकडून एक रुपया घेतला नाही, हेही खरं. उलट भावकीतल्या भागवतनं हप्ते थकवले तेव्हा नोटीस दाजींना आली आणि दाजींनी दावणीची म्हैस विकून भरणा केला. त्या म्हशीची गोष्ट आम्ही लग्नात ऐकली, बारशात ऐकली, एकदा तर दहाव्यालाही ऐकली.

तर गेल्या वर्षी गावात बोलवा उठली की कानिफनाथची सून राजेश्वरी करडईच्या तेलाचा लाकडी घाणा टाकणार. कानिफनाथचं घर म्हणजे ऊसतोडीला जाणारं. दिवाळी झाली की कुलूप. ही पोरगी दोन हंगाम तोडीला गेली आणि तिसऱ्या वर्षी म्हणाली, मी इथंच राहणार. बचत गटातून थोडे पैसे उचलून तिनं दुसऱ्याच्या घाण्यावरून तेल आणून विकलं, उचललेले पैसे वेळेवर फेडले, आणि आता स्वतःचा घाणा म्हणत होती. कर्ज आठ लाखांचं.

ऐकल्या दिवसापासून दाजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायला लागले. अक्कानं विचारलं, "कोनाची वाट बघताय?"

"कोनाची न्हाई," दाजी म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. तिला किती दिवस झुलवायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं, असं अक्कानं मला नंतर सांगितलं.

राजेश्वरी आली नाही. आला तो नागापूरच्या एमआयडीसीतून निघालेला टेम्पो. त्यावर घाणा बांधलेला, आणि तो दाजींच्या ओट्यासमोरूनच पुढं गेला. दाजी ताडकन उठले. माझा फोन वाजला.

"हनुमंता, हिला जामीन कोन ऱ्हायला?"

मला काय माहीत! पण दाजींच्या डोक्यात जे शिरलं ते निघेना. गावात सही चालेल असा दुसरा माणूस एकच, दूध डेअरीवाला बजरंग. त्याच्या दारात जाऊन दाजी म्हणाले, "लई मोठा झालास की रं. आता तूबी सह्या द्याया लागलास." बजरंगानं आईची शपथ घेतली. दाजींना ती पटली नाही. पुढचे आठ दिवस बजरंगाच्या डेअरीला त्यांनी दूध घातलं नाही. जेवताना घास तसाच हातात राहायचा. अक्का हसून मला म्हणाली, "सवत माझी यायची, तर ह्यांचीच आलीय."

शेवटी मला मोटारसायकल काढायला लावून ते बँकेत गेले. मॅनेजर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "कुणाच्या खात्याचं मी सांगणार नाही. पण योजनेचं विचारत असाल तर सांगते. छोट्या उद्योगाला जामीनदार नसला, तारण नसलं, तरी कर्ज देता येतं. हमी घ्यायला सरकारनं एक ट्रस्ट काढलाय."

"कुटं ऱ्हातो?" दाजींनी विचारलं.

"ऑफिस मुंबईला आहे."

"त्यो हितल्या मानसाला वळखतो?"

"ओळखत नाही. ओळख आम्ही करून घेतो. धंदा काय, माल कुठं जाणार, आधीचे पैसे वेळेवर फेडलेत का, हे बघतो. फेडायचं कर्जदारानंच, ते काही माफ होत नाही. पण बुडलंच, तर बुडालेल्यातला मोठा वाटा ट्रस्ट बँकेला देतो. म्हणून आम्हालाही धीर येतो. त्याबद्दल ट्रस्टला वर्षाला फी असते."

"फी घेतो व्हय!" दाजी माझ्याकडे वळले. "आमी जलमभर फुकट ऱ्हायलो, आमचं कोनी नाव काढंना. आन ह्यो पैसं घिऊन लाडका." मग बाईंकडे वळून विचारलं, "त्यानं कदी म्हस इकली का कुनासाठी?"

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी आम्हाला चहा सांगितला.

दाजींचं सोडा, माझाही जळफळाट झाला. माझ्या वेळी हे मला कुणी का सांगितलं नाही? मी दाजींच्या ओट्यावर माशा मारत बसलो, माणसं येता-जाता बघून गेली, आणि ही कालची पोरगी एकाही ओट्याला पाय न लावता घाण्याची मालकीण झाली. घाण्याला मोटार कोणती, हॉर्सपॉवर किती, हे विचारायला ती माझ्याच दुकानात आली होती. तेव्हा मी तिला दर दोनशे रुपयांनी जास्त सांगितला. तिनं तो घासाघीस करून खाली आणला.

मोटार बसवायला मी तिच्या शेडवर गेलो तेव्हा दाजी मागोमाग आले. सहज आलो म्हणाले. राजेश्वरीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. दाजी शेडभर नजर फिरवत बसले. तेलाचा वास सुटला होता, तिच्या सासूबाई झुंबरबाई डबे पुसत होत्या. मग दाजींना राहवलं नाही.

"माज्याकडं का न्हाई आलीस? मी न्हाई म्हनलो असतो का?"

"न्हाई म्हनला नसता, आप्पा," ती म्हणाली. "मामंजी बैलाच्या कर्जासाठी तुमच्याकडं आलं हुतं, तवा मी नवी नवरी. दुपार झाली तरी घरी येईनात, म्हनून आत्याबाईंनी मला भाकरी घिऊन धाडलं. मला बघून ते उठलंच. म्हनले, मी काय कामाला न्हाई आलो, सावली हाय म्हनून बसलो. आन भाकरी न खाता घराकडं निघालं."

झुंबरबाईंचा डब्यावरचा हात थांबला. दाजींनी पाण्याचा तांब्या उचलला, तो रिकामा होता, तो परत ठेवला. मी मोटारीत डोकं घालून बसलो. त्या घटकेला मला दाजींची कीवही आली आणि बरंही वाटलं, दोन्ही खरं.

राजेश्वरीनं तो तांब्या भरून आणून दिला आणि म्हणाली, "पर तुमच्याकडं काम हाय, आप्पा. बँकेनं घाण्याला पैसं दिलं, पर घाण्यात घालायला करडी पायजे. तुमच्यावानी करडी गावात कोनाची न्हाई. दहा पोती द्या. पैसं मातर तेल इकल्यावर, आन मधी जामीन कोनी न्हाई. तुमी इचार करून दोन-चार दिसांनी..."

"घिऊन जा," दाजी म्हणाले.

"आवो, दर तरी..."

"घिऊन जा म्हनतो न्हवं. आजच टेम्पो धाड."

येताना दाजी मोटारसायकलवर माझ्या मागं बसले. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "दाजी, मला तीन बाजार बसवलं. हिला तीन मिनिटंसुद्धा नाही?"

"काय करतो, हनुमंता," ते माझ्या कानाशी म्हणाले. "थांबलो असतो, आन त्यो मुंबईवाला करडीलाबी जामीन ऱ्हायला असता म्हंजी?"