खिळ्यावर आईची गोधडी

मंडळी, आज आदिलाबादेत भांडून आली.

आमच्या चित्रप्रदर्शनाचा विषय होता 'घरातून आलेली कला'. म्हणून माझ्या चित्राशेजारी लावाले आईनं शिवलेली गोधडी नेली. आईलेबी आमच्या बोथ गावाहून बोलावलं.

हैदराबादहून आलेले संयोजक म्हणाले, "मॅडम, हे पांघरूण आहे, कला नाही." अन् गोधडीची घडी करून पाहुण्यांच्या खुर्चीवर टाकली. आईसमोर!

मी माझं चित्र उतरवलं अन् त्याच खिळ्यांवर गोधडी टांगली. "रंग जुळवाचं मी ह्या गोधडीपासूनच शिकली. ही उतरवली तर मीबी चालली."

मागून आई बोलली, "पोरी, उलटी टांग. मागचे टाके पाह्यल्याबिगर गोधडी पारखत नाही कोणी."

उलटीच टांगली. अजून तिथंच आहे.

तुमी कोणाच्या हातची कला नुसती पांघरून राह्यले?